डागांची वही

पुस्तक परत केलं की निमगाव केतकीच्या वाचनालयातले तात्या ते आधी खिडकीशी उजेडात धरायचे. फाटलंय का ते बघायला नव्हे, नवा डाग पडलाय का ते बघायला. सापडला की स्वारी खूश. लगेच लांबट वहीत नोंद: 'पान ११, आमरस.' पुस्तक कोरंकरकरीत परत आलं तर मात्र पोराची कानउघाडणी. "डाग हाय म्हंजी वाचलंय. तू नुसतं फिरवून आणलंस व्हय?"

जुन्या बालपुस्तकांचं एक कपाट होतं, माझ्या आजोबांच्या वेळचं. तात्यांचा सगळा जीव त्यात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी वाचनालयाचा चिटणीस होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते कपाट अडचण वाटायचं. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना जागा हवी होती. जीर्ण पुस्तकं रद्दीत काढायचा ठराव मीच मांडला.

तात्या वही घेऊन सभेत आले. "पान ९, वाघाचं डोळं पेन्सिलीनं फोडलं. दत्तू, दुसरी," त्यांनी खणखणीत वाचलं आणि अध्यक्षांकडे बघितलं.

अध्यक्ष दत्तात्रयराव लाजले. "लई भ्या वाटायचं हो त्या वाघाचं." सभा हसली. "वाघाचं तेवढं ऱ्हाऊ द्या. बाकीची यादी करा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आणि तात्या रद्दीच्या यादीला बसलो. एक पुस्तक अगदी बिनडागाचं निघालं. तात्यांच्याच नियमानं ते न वाचलेलं, म्हणून मी रद्दीत टाकलं. तात्यांनी झटकन उचललं. वहीत नोंद होती: 'पान २३, कोपरा दुमडलेला. उलगडू नये.'

"ल्हानपणी मीच न्हेलं हुतं," ते म्हणाले. "धाकट्या भनीला वाचून दावायचो. आई-बा मेंढरं घिऊन कोकणात निघालं, तिलाबी न्हेलं. मी शाळंपायी मामाकडं. जाताना म्हणली, 'दादा, मी आल्याबिगर फुडं वाचू नगंस.' आली ती एकदम सवताच्या लग्नालाच."

"मग पुढं काय होतं गोष्टीत?"

"मला काय ठावं? दोघांची गोष्ट हाय ती."

"आता कुठं असतात त्या?"

"हितंच, कळंबला. दर भाऊबीजंला पुस्तक घिऊन जातो. पयल्यापासनं वाचतो. तेवीस पान आलं की पुस्तकावर हात ठिवती. म्हणती, 'ऱ्हाऊ दे दादा. संपली तर फुडल्या साली येशील का तू?'"

मला माझीच लाज वाटली. यादीचा कागद मी फाडून टाकला.