उष्टं पेट्रोल

एका जंगलात, मुलांनो, एक यंत्र राहत होतं. झाडं कापायचं यंत्र. जंगलात असलं यंत्र कसं, असं लगेच विचारू नका. मागच्या बाकावरच्यांनी तर अजिबात विचारू नका. तुम्ही गोष्ट संपेपर्यंत गप्प बसायचं कबूल केलंय.

झालं असं की लाकूडचोरांची एक टोळी त्या जंगलात आली होती. त्याच वेळी वाघ महाराज नदीवर पाणी प्यायला निघाले होते. टोळी जीव घेऊन पळाली. मागे राहिलं हे यंत्र, पेट्रोलचे तीन कॅन आणि टेकडीखाली आडवी पडलेली एक मोटारसायकल.

महाराजांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, हुंगून पाहिलं आणि हुकूम दिला. "उभ्या झाडाला हात लावायचा नाही. पण पडलेलं झाड कुणाच्या दारात आलं, तर या यंत्राने ते दूर करायचं."

हुकूम चांगला होता. तो देऊन महाराज झोपायला गेले. मग हुकूम अमलात आणण्यासाठी एक समिती नेमली गेली. दादासाहेब रानडुक्कर अध्यक्ष झाले. ते कशाचे ना कशाचे अध्यक्ष असायचेच.

समितीने यंत्राला एका सपाट दगडावर बसवलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याला त्याची पूजा होऊ लागली. देवाला उपाशी ठेवू नये म्हणून टाकी कायम भरलेली असे. आणि ती टाकी गळत होती.

टपक. टपक. यंत्र जुनं होतं, गळणारच. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

पेट्रोलची टाकी गळायला लागली की तिला अंगाचा साबण घासायचा, हे तुमच्या काकांनाही माहीत असेल. साबण चिरेत बसतो, गळती थांबते. दुपारी पुन्हा सुरू होते. समितीने साबण घासायचं काम दादासाहेबांच्या मेहुण्याला दिलं. मेहुणे रोज सकाळी आंघोळ करून यायचे आणि जिथून थेंब पडतो तिथे, टाकीच्या बुडाला, साबण घासून जायचे. एक वर्ष झालं तरी थेंब तिथूनच पडत होता, त्यामुळे जागा चुकायची भीती नव्हती.

गळणारं पेट्रोल धरायला खाली एक डबा ठेवला होता. डब्यावर बापू तरस बसायचे. त्यांना सगळे डबेदार म्हणत. डबा भरला की पेट्रोल पुन्हा टाकीत ओतावं, असं एका सशाने एकदा सुचवलं होतं. बापूंनी कानावर पंजे ठेवले.

"अरे, यंत्राच्या तोंडात जाऊन बाहेर पडलेलं ते! उष्टं झालं. उष्टं परत देवाच्या पोटात घालतोस?"

सशाला लाज वाटली. बापू ते उष्टं पेट्रोल रोज संध्याकाळी मागच्या सागाच्या बुंध्याशी ओतत. वर्षभरात तो साग वाळून कोलमडला. समितीने तो यंत्राच्या कामगिरीत धरला.

अशा रीतीने दोन कॅन संपले. तिसरा निम्म्यावर आला. आणि मग एका दुपारी वादळ झालं.

जंगलाच्या वरच्या अंगाला कोंडिबा नावाचं साळिंदर राहत होतं. बायको ठकी, दोन पिल्लं, कातळातलं बीळ. कोंडिबा कंदमुळं आणायला गेला होता. परत येऊन बघतो तर ऐनाचं भलंमोठं झाड बिळाच्या तोंडावर आडवं. दोन्हीकडे दोन खडक, त्यांच्यात ते झाड पाचरीसारखं घट्ट बसलेलं. बिळाला दुसरं तोंड नव्हतं. बाकी सगळा कातळ, तिथे नखंही चालेनात. खाली बोटभर फट तेवढी राहिली होती.

"ठके!" कोंडिबा फटीला तोंड लावून ओरडला.

"हाय आमी," आतून आवाज आला. "पोरं भ्यालीत. तू काय तरी कर."

कोंडिबाने बोटभर जाडीची मुळं फटीतून आत सारली आणि धावत समितीकडे गेला. गव्याने येऊन झाडाला धडक मारली, पण झाड हललं नाही. ते कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दादासाहेबांनी कोंडिबाच्या पाठीवरून हात फिरवायचा बेत केला, काटे पाहिले आणि बेत बदलला. "अगदी याच दिवसासाठी तर यंत्र आहे," ते म्हणाले. "चौथ्या दिवशी चांगला मुहूर्त आहे. प्रत्यक्ष कापायचं हे पहिलंच झाड, थाटात कापू."

"चार दिवस? सायेब, आत पानी नाय."

"मुळांना रस असतो ना?"

चौथ्या दिवशी सगळं जंगल ऐनाभोवती जमलं. गव्याने यंत्र पाठीवरून आणलं. जेवणासाठी चुली पेटल्या. टाकी काठोकाठ भरली, मेहुण्यांनी साबण घासला, बापूंनी डबा धरला आणि भाषणं सुरू झाली. दादासाहेब यंत्रावर बोलले, महाराजांच्या दूरदृष्टीवर बोलले, ठकीच्या धीराचं कौतुक केलं. फटीतून पिल्लाचं रडणं ऐकू आलं तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पाहा, लहानग्यांनाही भरून आलंय."

कोंडिबा भाषण ऐकत नव्हता. तो डब्याकडे बघत होता. टपक, टपक, टपक.

शेवटी एका माकडाने दोरी ओढली. यंत्र घुर्रर्र करून जागं झालं, ऐनाच्या सालीत चार बोटं शिरलं, खोकलं आणि बंद पडलं. टाकी कोरडी होती. बापूंचा डबा मात्र भरला होता. त्यांनी तो रीतीप्रमाणे बाजूला ओतून दिला.

"कामाला सुरुवात झाली!" दादासाहेब म्हणाले आणि टाळ्या पडल्या. "पुढचा मुहूर्त पंधरा दिवसांनी. आता जेवून घेऊ."

सगळे पंगतीला गेले. यंत्र झाडापाशीच राहिलं. कॅनच्या तळाला थोडं पेट्रोल उरलं होतं, तो कॅनही तिथेच. कोंडिबा फटीपाशी बसला. आतून आता रडणंसुद्धा येत नव्हतं.

"मेली का रं आतली?" वरून कुणीतरी विचारलं.

फांदीवर हौसाबाई बसली होती. म्हातारी वानरीण. तिचं तारुण्य जंगलाबाहेरच्या एका गॅरेजच्या पत्र्यावर गेलं होतं. पत्र्याला भोक होतं आणि खाली मेस्त्री काम करायचा. भोकातून ती रोज बघायची. तिला पंगतीचं बोलावणं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलं तर ती खरं सांगायची.

"नाय मावशी. पन पंधरा दिवस न्हाई टिकायची." कोंडिबा म्हणाला. "टाकीला चीर पडलीय. आता कोन काय करनार?"

"चीर हाय असं कुनी सांगितलं?"

"साबन तर बुडालाच लावत्यात."

"थेंब बुडाला येतो म्हनून भोकबी बुडाला व्हय?" हौसाबाई खाली उतरली. तिने टाकी पालापाचोळ्याने कोरडी पुसली. चुलीतली राख आणून टाकीवर चहूकडून भुरभुरली. कॅनच्या तळाशी उरलेल्यातलं घोटभर पेट्रोल टाकीत ओतलं आणि उकिडवी बसून बघत राहिली.

बुडाची राख कोरडीच होती. ओली झाली ती कडेची राख, बुडापासून जरा वर, जिथे रबराची नळी टाकीत शिरते तिथे. तिथून एक ओघळ निघाला, टाकीच्या कडेने खाली गेला आणि बुडाशी थेंब होऊन लटकला.

"टाकी धडधाकट हाय," हौसाबाई म्हणाली. "नळी वाळून चिरलीय. वरीसभर भलत्याच जाग्याला साबन चोळत बसले. पळ, त्या मोटारसायकलची नळी काढून आन. दातानं तोडलीस तरी चालंल."

कोंडिबा आयुष्यात कधी धावला नसेल असा धावला. तो नळी घेऊन आला तेव्हा पंगतीत दुसरा भात वाढत होते.

हौसाबाईने जुनी नळी ओढून काढली. ती काडीसारखी मोडली. नव्या नळीचं टोक तिने दाताने तिरकं कापलं, त्याला मेहुण्यांच्या साबणाचा हात फिरवला आणि भोकातून आत सारली. वर्षभरात त्या साबणाचा झालेला हा पहिला उपयोग. नळी तुंबली नाही ना, हे बघायला तिने दुसरं टोक तोंडात धरून फुंकर मारली. आत बुडबुडे वाजले. मग टोक जागेवर बसवलं आणि कॅनमधलं सगळं पेट्रोल टाकीत रिकामं केलं.

दोघं टाकीकडे बघत राहिले. राख कोरडी होती.

"मावशी, लवकर कर," कोंडिबा म्हणाला. "तुज्या पाया पडतो. जल्मभर इसरनार न्हाई."

हौसाबाईने दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा यंत्र जे सुरू झालं, ते ऐनाचं खोड आरपार होईपर्यंत थांबलं नाही. तुकडा घरंगळला. बिळातून आधी दोन पिल्लं आली, मग ठकी. तिचे काटे मातीने माखले होते. कोंडिबाने त्या तिघांना कवेत घेतलं. साळिंदरांना हे जमत नाही, पण त्या दिवशी जमलं. मुलांनो, माझी गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

पण यंत्राचा आवाज पंगतीपर्यंत गेला होता.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. दादासाहेब फार दुखावलेले दिसत होते. मेहुणे हातात साबण घेऊन बसले होते, आणि तो कुठे लावावा हे त्यांना सुचत नव्हतं. बापूंचा डबा रात्रभर कोरडा राहिला होता. अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"यंत्र चाललं, याचा समितीला आनंदच आहे," दादासाहेब म्हणाले. "पण एका वानरिणीने यंत्राच्या नळीला तोंड लावलं, असं कानावर आलंय. तसं असेल तर यंत्र उष्टं झालं. उष्ट्या यंत्राने कापलेलं झाड उष्टं. त्यातून बाहेर आलेलं कुटुंबही उष्टंच. त्यांना पाणवठ्यावर येऊ द्यायचं की नाही, हे ठरवावं लागेल."

सभेत कुजबुज झाली. कोंडिबाच्या शेजारी बसलेली घोरपड जरा लांब सरकली.

दादासाहेबांनी मग कोंडिबाला बाजूला बोलावलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "तुझा काय दोष? तू नको म्हणत असशील. ती ऐकत नसेल. तेवढं सांगितलंस की तुझं घर शुद्ध. आणि बापूंना हाताखाली एक माणूस हवाच आहे. उपडबेदार. बसून काम आहे."

कोंडिबाने पिल्लांकडे पाहिलं. सरकून बसलेल्या घोरपडीकडे पाहिलं. हौसाबाईकडे मात्र त्याने पाहिलं नाही. तो भित्रा होता, दुष्ट नव्हता. पण ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची असते, त्याला या फरकाचा काही उपयोग होत नाही.

"बोल, तोंड लावलं होतं?"

"व्हय."

"तू काय म्हणालास?"

"म्या म्हनालो, नगं. समितीला इचारल्याबिगर नगं. तिनं ऐकलं न्हाई."

हौसाबाई हातावरची राख झटकत होती. ठकी मात्र उठली.

"म्या आत होते," ती म्हणाली. "फटीतून समदं ऐकू येत हुतं. ह्यो म्हनाला, लवकर कर. म्हनाला, पाया पडतो, जल्मभर इसरनार न्हाई. कालची गोष्ट हाय."

दादासाहेबांनी घसा खाकरला.

"बिळाच्या आतून ऐकलेलं समिती ग्राह्य धरत नाही," ते म्हणाले.

निर्णय झाला. हौसाबाईला नदीपार जायला सांगितलं. यंत्राची शुद्धी करायचं ठरलं. नदीचं पाणी आणून टाकीत काठोकाठ ओतलं, नळीतूनही खेळवलं, आणि यंत्राला पुन्हा सपाट दगडावर बसवून नवी माळ घातली. टाकीत पाणी भरलेलं ते यंत्र त्यानंतर कधी सुरू झालं नाही. पण गळलंही नाही. हा गुण मेहुण्यांच्या साबणाचा, असं एकमताने ठरलं, आणि साबण दिवसातून दोनदा लावायला सुरुवात झाली.

संध्याकाळी हौसाबाई निघाली. नदीच्या उतारापाशी तिला मागून खसखस ऐकू आली. साळिंदर चालताना काट्यांचा येतो तो आवाज. ठकी होती. तिच्यामागे दोन पिल्लं.

"तू कुटं निगालीस?" हौसाबाईने विचारलं.

"तुज्यासंगं."

"आनि तुजा दादला?"

ठकीने मागे वळून पाहिलं. लांब, सपाट दगडापाशी कोंडिबा बसला होता. समोर यंत्र होतं. त्याने दोन्ही हातांनी डबा धरला होता, आणि वर बघत तो थेंब पडायची वाट पाहत होता.

"त्याला काम लागलंय," ठकी म्हणाली, आणि पिल्लांना घेऊन पाण्यात उतरली.

तात्पर्य : मुलांनो, शेजाऱ्याच्या दारातलं झाड जरूर दूर करावं. फक्त त्याआधी शेजाऱ्याला कुठेतरी परगावी धाडून द्यावं, म्हणजे साक्षीला तो सापडत नाही. आणि तेवढी सोय होत नसेल, तर निमूटपणे पंगतीला जाऊन बसावं.