लाट्या सुकतायत

डॉक्टर गुप्त्यांनी पापडाचं लाटणं सगुणा नर्सच्या टेबलावर ठेवलं. "गच्चीवर जा. बाईसाहेब वाट बघतायत."

ठाण्यातल्या त्यांच्या तीन खाटांच्या प्रसूतिगृहात चैत्र कोरडाच जाई. आषाढात नव्या सुनांना माहेरी धाडल्यावर चैत्रात पाळणे हलणार कसे? तेव्हा रिकाम्या नर्सांनी वाळवणाला हातभार लावायचा, असा पायंडा डॉक्टरीणबाईंनी पाडला होता. दुसरी नर्स मालन निमूटपणे पदर खोचून वर गेलीही होती. सगुणाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी नाही जाणार. मी बाळंतपणं करायला शिकलेय, पापड लाटायला नाही."

"खाटा रिकाम्या आहेत, सिस्टर! नुसतं बसायचा पगार देऊ?"

"द्या की. बाई अडली की धावायला आधी कुणीतरी बसलेलं लागतं."

"मग उद्यापासून घरीच बसा!"

"उद्याचं उद्या. आज माझी ड्यूटी आहे." तिने डोक्यावरची टोपी नीट केली आणि रिकाम्या खाटेशेजारी खुर्ची ओढून ठाण मांडलं. नोकरी गेली तर गेली, पण त्या लाटण्याला ती हात लावणार नव्हती.

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली आणि बाळकुमची बायजा ओरडतच आत आली. गाडीत तिची सून तुळसा कळा देत होती, शिवाय शेजारच्या दोघीही कळांनी विव्हळत होत्या. गावची सुईण नेमकी कोलशेतला हळदीला नाचायला गेली होती.

"तिघी एकदम?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, चैत्रात?"

"तुमच्या सुना आखाडान म्हायेरी जातान," बायजा म्हणाली. "आमची मिठागरं आखाडान बंद. गडी घरान बसून काय करतील, डाक्तर?"

मालनला हाक मारली, तर तिचे हात कोपरापर्यंत उडदाच्या पिठात. ती ते खरवडून खाली येईपर्यंत तुळसाचा मुलगा सगुणाच्या हातात भोकाड पसरून मोकळा झाला होता. मग सगुणा हुकूम सोडू लागली आणि डॉक्टर गरम पाण्याच्या बादल्या वाहू लागले.

संध्याकाळी तिन्ही बाळंतिणी सुखरूप झोपल्या. डॉक्टर घाम पुसत भिंतीला टेकले. वरून बाईसाहेबांच्या हाका चालूच होत्या. "अहो, कुणी येतंय का? लाट्या सुकतायत!"

डॉक्टर खाकरले. "सिस्टर, उद्या जरा लवकर याल ना?"

"उद्याचं उद्या बघू," सगुणा म्हणाली. "आमच्या खाटा भरल्या. हात तेवढे तुमचेच रिकामे दिसतायत."

आणि टेबलावरचं लाटणं पदराच्या टोकात धरून तिने त्यांच्या हातात दिलं.