सासऱ्यांच्या पाइनची प्रकृती

माणूस आजारी पडला की लोक त्याची विचारपूस करतात. झाड आजारी पडलं की ते ज्याच्या ताब्यात आहे त्याची चौकशी करतात. दोन्ही प्रकारांत खुद्द रोग्याला बोलायची मुभा नसते, आणि उपचारशास्त्राची बरीचशी प्रगती यामुळेच झालेली आहे.

प्रस्तुत प्रकरणातला रोगी म्हणजे पाइनचं एक बोनसाय. उंची एक वीत आणि वर चार बोटं, वय वर्षं एक्केचाळीस. मालक एक निवृत्त घड्याळजी. झाड त्यांच्या एकुलत्या मुलीपेक्षा तीन वर्षांनी मोठं असल्यामुळे घरात थोरल्या अपत्याचा मान झाडाकडे होता, आणि मुलीने तो कधी नाकारला नव्हता. मुलीचा नवरा वजनमापे निरीक्षक, म्हणजे दुकानोदुकानी तराजू तपासत फिरणारा काटेकोर माणूस. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात सासरे त्याच्याशी, त्याच्याच मोजणीप्रमाणे, एकशे बारा वाक्यं बोलले होते. (पैकी चाळीस ‘पंखा बंद करा’ या आशयाची.)

त्यामुळे खुब्याच्या ऑपरेशनसाठी सासरे दोन महिने परगावी बहिणीकडे निघाले आणि जाताना त्यांनी झाड जावयाच्या हातात दिलं, तेव्हा त्याला भरून आलं. सोबत चिठ्ठी होती : बाल्कनीत ठेवावे. माती सुकली की पाणी. बाकी काही करू नये. एवढ्या गंभीर विषयावर एवढासा मजकूर पाहून जावयाची खात्री पटली, की ऑपरेशनच्या धास्तीने बाबांचं लिहायचं राहून गेलंय.

थंडी पडायला लागली होती. नवव्या दिवशी झाडाच्या आतल्या बाजूला अकरा सुया तपकिरी दिसल्या. पाइनची पानं सुईसारखी असतात म्हणून त्यांना सुया म्हणतात; त्या टोचतातही, पण फक्त मोजणाऱ्याला. दुसऱ्या दिवशी सतरा झाल्या. जावयाने वही घातली.

“बाबांना फोन करून विचार ना,” बायको म्हणाली.

नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला त्रास देऊ नये, असं त्याने सांगितलं. खरं कारण एवढंच, की नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्यावर काही सोपवलं आणि ते आपण नवव्या दिवशी बिघडवलं, हे त्याला तोंडाने म्हणवेना.

मग तज्ज्ञांची मतं घेण्यात आली. रोपवाटिकेच्या मालकाने फोटो पाहून खत कमी पडतंय म्हटलं. (त्याच्याकडे खत होतं.) कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने फवारणी सुचवली. (त्याच्याकडे पंप होता.) शेजारच्या काकूंनी झाडाला एकटं वाटतंय असं निदान केलं, त्यांच्याकडे विकायला काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी जावई झाडवाल्यांच्या एका ऑनलाइन गटात सामील झाला. सभासद सहा हजारांवर, आणि एकमेकांना मदत करायला सगळे अगदी टपलेले. पाऊण तासात त्रेचाळीस उत्तरं आली : पाणी वाढवा म्हणणारे सतरा, पाणी तोडा म्हणणारे सतरा, कुंडी बदला म्हणणारे चार, श्रद्धांजली वाहणारे तीन. एकाने कुंडी विकायची आहे का विचारलं. एकाने शुभ सकाळ म्हटलं.

सरकारी माणूस कुणालाही दुखवत नाही. सकाळी पाणी वाढवण्यात आलं, संध्याकाळी तोडण्यात आलं. झाड बाल्कनीतून दिवाणखान्यात आलं, तिथून दमट हवेसाठी न्हाणीघरात, आणि न्हाणीघरात प्रकाश कमी म्हणून आरशावरच्या दिव्याखाली. घरातल्या दोन माणसांच्या आंघोळीच्या वेळा झाडाच्या सोयीने ठरू लागल्या. दर रविवारी सासऱ्यांचा फोन येई. ते विचारत, झाड कसं आहे. जावई सांगे, मजेत आहे. तीन आठवड्यांत मजा एकशे चौसष्ट सुयांपर्यंत पोहोचली होती.

चौथ्या रविवारी त्याने कुंडी बदलली. मुळं बाहेर काढल्यावर त्यांच्याभोवती पांढरी बुरशी दिसली आणि इतक्या दिवसांनी रोग सापडल्याचा आनंद त्याला झाला. दात घासायच्या मऊ ब्रशने त्याने मूळ न् मूळ घासून धुतलं, लांब वाटली ती कापली आणि झाड नव्या मातीत बसवून खत घातलं. या कामी साडेतीन तास गेले. त्याने इतक्या मायेने आयुष्यात काही केलं नव्हतं, असं बायको आजही सांगते, आणि सांगताना तिचा सूर फारसा चांगला नसतो.

दहा दिवसांत झाडभर सगळ्या सुयांची टोकं करपली. जावयाचं जेवण तुटलं. त्याचं वजन सव्वादोन किलोंनी घटलं. (प्रमाणित काट्यावर, दोनदा.) कुणीतरी सुचवलं म्हणून तो करपलेली टोकं रंगवायला हिरव्या रंगाची डबी घेऊन घरी आला, तेव्हा बायकोने झाड उचलून पुन्हा बाल्कनीत सावलीला ठेवलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

“आता याला कुणी काही करायचं नाही,” ती म्हणाली. “तू तर मुळीच नाही.”

सासरे काठी टेकत परतले. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून त्यांनी झाड बराच वेळ पाहिलं. जावयाने वही उघडली आणि पहिल्या सुईपासून रंगाच्या डबीपर्यंत सगळं वाचून दाखवलं. रविवारची खोटी उत्तरंसुद्धा तारखेनिशी.

“आतल्या जुन्या सुया दर वर्षी या दिवसांत वाळतात आणि गळतात,” सासरे म्हणाले. “एक्केचाळीस वर्षं गळतायत. ती पांढरी बुरशी म्हणजे त्याच्या मुळांची सोबतीण. त्याला काहीही झालं नव्हतं.”

मग भिंग खिशात ठेवून ते म्हणाले, “आता झालंय.”

जावई मान खाली घालून उभा राहिला. सासऱ्यांनी त्याला दोन खुर्च्या आणायला सांगितलं.

पुढचे चार महिने उपचार चालला. त्याचं स्वरूप असं : माती सुकली तर पाणी घालायचं, नाही सुकली तर खुर्चीत बसायचं. खत नाही, कात्री नाही, फवारणी नाही. जावयाच्या मते हा उपचार त्याच्या नोकरीतल्या कुठल्याही कामापेक्षा अवघड होता. पहिल्या आठवड्यात तर त्याला स्वतःचे हात मांडीखाली धरून बसावं लागलं. बसल्या बसल्या सासरे बोलू लागले. मुलगी झाली त्या दिवशी झाडाला पाणी घालायचं कसं विसरलो, बायको गेली तेव्हा वर्षभर त्याच्याकडे बघवलंच कसं नाही, असलं काहीबाही. जावयाने वाक्यं मोजणं कधी सोडलं, हे वहीत नोंदलेलं नाही.

डावीकडची खालची फांदी गेली. ऊन तापायला लागल्यावर बाकीच्या फांद्यांवर मेणबत्तीसारखे उभे कोंब आले. त्यानंतर गटात कुणी तपकिरी सुयांचा फोटो टाकला, की जावई लिहू लागला : थांबा, काही करू नका. तिसऱ्या उत्तरानंतर, सभासदांना मदत करत नसल्याच्या कारणावरून, त्याला गटातून काढून टाकण्यात आलं.

हा वृत्तान्त मी छापण्याआधी सात जणांना वाचायला दिला. सातही जणांनी तो पुरता व्हायच्या आतच, जावयाने काय करायला हवं होतं ते मला सांगितलं. दोघांनी तर जाऊन झाड बघून येतो म्हटलं. तुमच्याही मनात एव्हाना एखादा नामी उपाय आलाच असेल. तो जरूर लेखी कळवावा. पत्ता मुद्दामच दिलेला नाही.