कुटुंबीयांसाठी राखीव

घटकाभर निवांत बसायचं असेल तर कुठे जावं, हे मला विचारा! बागेत? तिथे पोरं. वाचनालयात? तिथे पेपरवरून भांडणारे म्हातारे. मी सहलीच्या शेवटच्या दिवशी अगदी अचूक जागा शोधून काढली होती: व्हिक्टोरिया राणीच्या काळातली दफनभूमी. जुनी झाडं, दगडी देवदूत आणि हजारो माणसं. त्यातलं एकही मला "माझा चष्मा कुठाय?" असं विचारणार नाही!

"सहलीला येऊन स्मशान?" नणंदबाई किंचाळल्या.

"ऐतिहासिक आहे."

"तिकीट?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"फुकट."

"मग बघायलाच हवं!"

पण फाटकासमोर चहाची टपरी निघाली आणि ही दोघं भावंडं तिथेच रुतली. मी एकटीच आत शिरले. चार दिवस सगळ्यांची औषधं, चार्जर आणि शंका वागवून माझे पाय भिजवलेल्या वाटाण्यासारखे टम्म फुगले होते. एक बाक दिसला आणि मी त्यावर पोतं टाकावं तशी पडले.

समोर एक थडगं होतं. कुणी दोरखंडाचे व्यापारी. दगडावर त्यांच्या थोरवीच्या ओळीच ओळी, आणि तळाला शेवाळ. आता, हात रिकामा असला की मला बसवत नाही. लोकांच्या घरी पाहुणी गेले तरी मी त्यांचा ओटा पुसून येते. बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला, खाली वाकले आणि घासलं. शेवाळाखालून अक्षरं वर आली: "आणि त्यांची पत्नी."

बस्स. नाव नाही, गाव नाही.

डोळ्यांत पाणी आलं. निम्मं धुळीचं होतं, निम्मं थकव्याचं. उरलेलं कशाचं, ते सोडून द्या.

"बघा, बघा!" मागून आवाज आला. एक गाईड पर्यटकांचा घोळका घेऊन उभा होता. "घरचे लोक आजही येतात! बाई, तुमचे पणजोबा का?"

"हं," मी म्हटलं.

माझा दोष नाही हो! इतक्या वर्षांच्या संसारात कुणी मागून काही विचारलं की न ऐकताच तोंडातून "हं" निघतं.

"आणि निगा तुम्हीच राखता?"

"हं."

झालं! एका गृहस्थांनी टोपी काढली. एका बाईंनी मला मिठी मारली. तेवढ्यात रखवालदार धावत आला.

"बाई, किती वर्षं वाट बघायला लावलीत! दगड कललाय. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय हात लावता येत नाही. करू ना सरळ?"

आता मात्र मी खडबडून जागी झाले. "अहो, मी त्यांची..."

"गहिवरल्या!" गाईड पुटपुटला.

इतक्यात हे आलेच. मागोमाग नणंदबाई.

"अगं, माझा चष्मा कुठाय?"

"शूऽऽ!" अख्खा घोळका खेकसला.

"शू काय? मी नवरा आहे हिचा!"

रखवालदारानं यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्या कानाशी आला. "बाई, ओळखता यांना?"

मी यांच्याकडे बघितलं. चष्मा डोक्यावर होता. दगडावरच्या त्या ओळीकडे बघितलं. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी "हं" म्हटलं नाही. नुसते डोळे मिटून घेतले.

"चला, चला! कुटुंबीयांना एकांत द्या!" रखवालदारानं सगळ्यांना मागे रेटलं आणि वाटेवर साखळी लावली.

"अहो, मी कुटुंबीयच आहे!"

"सगळे असंच म्हणतात, साहेब."

"वहिनी, भान आहे का तुम्हाला?" नणंदबाईंचा आवाज लांब लांब गेला आणि विरला.

शांतता. पान पडलेलं ऐकू यावं अशी. मी चपला काढल्या, पाय बाकावर घेतले आणि त्या अनाम बाईला म्हटलं, "चला बाई, आता आपण दोघीच. कुणी काही विचारणार नाही."

मान मागे टाकली. वर देवदूत होता. त्याच्या नाकावर कबुतराची कामगिरी.

नाही बघायचं, असं स्वतःला बजावलं. कूस बदलली. त्या बाजूनंही नाक दिसत होतं.

साखळी सुटेपर्यंतचा माझा सगळा एकांत बाकावर उभं राहून गेला. कधी तिकडे गेलात तर बघा. नाक लख्ख आहे!