चौकटीतले गृहस्थ

घराची पत भिंतीवरून ठरते, आणि सूनबाईचं भिंतीशी वागणं मुळातच बरोबर नव्हतं. पुसायला म्हणून वस्तू उचलायची आणि परत ठेवायचीच नाही, ही तिची रीत. अशा रीतीने चिनीमातीचे हंस, काचेची द्राक्षं आणि टीव्हीचा झालरवाला झगा माळ्यावर सेवानिवृत्त झाले होते. (फ्रिजचा झगा वाचला, कारण सासूबाई त्याला टेकून बसल्या.)

सासूबाई तिसरी पास. सौंदर्य हा विषय चौथीतही नसतो, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. त्यांचं धोरण स्वच्छ होतं: मोकळी जागा दिसली की समजावं, घरात काहीतरी कमी आहे.

या धोरणाचा कळस म्हणजे सासऱ्यांच्या फोटोची चौकट. सोनेरी. वर कबुतरांची जोडी, खाली मखमली गुलाब, कडेने मोती, मोत्यांतून लुकलुकणारे दिवे, आणि धूळ बसू नये म्हणून पुढे जाळीचा पडदा. निम्मी भिंत चौकटीने व्यापली होती. तळहाताएवढी जागा सासऱ्यांच्या वाट्याला आली होती. (हयातीतही साधारण एवढीच होती. तक्रार आली नाही.) रोज सकाळी सासूबाई त्यांना घरातलं सगळं सांगत. "गप्प बसून ऐकतात, पहिल्यासारखेच," असं कौतुकाने म्हणत.

"चौकटीला कोणी हात लावला तर मी लेकीकडे राहायला जाईन," असं त्यांनी जाहीर केलं होतं. बॅग भरलेलीच असे. (लेकीचा काळजीने फोन आला. काळजी कोणाची, ते कळलं नाही.)

मग कबुतराखालचा दिवा गेला. एका कबुतराने अंधारात बसावं हे घराला शोभणारं नव्हतं, म्हणून सासूबाईंनीच हुकूम सोडला, "उघड आणि बघ."

सुनेने पडदा सारला, मोती सोडवले आणि फोटोकडे वाकून पाहिलं.

"आई, हे बाबा आहेत?"

"मग काय शेजारी आहेत?"

"मी काही बाबांना पाहिलेलं नाही. पण यांच्या टायखाली दुकानाचा फोन नंबर छापलाय."

सासूबाईंनी चष्मा लावला. बाबांनी जन्मात टाय घातला नव्हता. दुकानातून चौकटीबरोबर नमुना म्हणून आलेले हे हसरे गृहस्थ इतकी वर्षं त्यांच्या संसाराचं ऐकत होते. फोटो सासूबाईंनीच मागून सरकवला होता. पुढचा नमुना आधी काढायचा असतो हे लक्षात आलं नाही, कारण सजावट आधीच पूर्ण झाली होती. दरम्यान या गृहस्थांपुढे सुनेचे दीर दोनदा रडले होते, आणि सासूबाईंच्या बहिणीला त्यांच्यात नातवाचे डोळे सापडले होते.

सुनेने मागचा पुठ्ठा काढला. बाबा तिथेच होते. हसत नव्हते.

"जन्मभर माझ्या मागे उभे राहिले," सासूबाई म्हणाल्या, "आणि नंतर या टायवाल्याच्या. मी मेली सगळं त्याला सांगत बसले. तुझ्याबद्दलसुद्धा."

सुनेने फडकं तोंडाला लावलं. खांदे हलत होते. हात लावायला सांगणाऱ्यानेच घर सोडायचं का, हा प्रश्न सासूबाईंनी राखून ठेवला आणि बाबांचा फोटो तसाच, बिनचौकटीचा, टेबलावर उभा केला.

"वस्तू जागेवर न ठेवायची तुझी खोड वाईटच," त्या म्हणाल्या. "आणि हस हवं तेवढं. फक्त आधी माहेरी फोन कर, आणि तुमच्या भिंतीवर कोण आहे ते उघडून बघायला सांग."