पिंगळे मास्तरांचं माप

पिंगळे मास्तर सावली मोजत असत. हे मी अलंकारानं बोलत नाही. खरोखरची, झाडाची सावली, सुतळीनं.

आमच्या शाळेच्या आवारात एक चिंच होती. मार्च लागला की कौलांखाली बसवत नसे, म्हणून दोन वर्ग चिंचेखाली भरत. मास्तरांच्या कोटाच्या खिशात हात-हातभर अंतरावर गाठी मारलेली सुतळी कायम असायची. सकाळी ते ती जमिनीवर पसरत, सावलीच्या बरोबर मध्यावर काठीनं रेघ ओढत आणि म्हणत, "ही तुझी, ही माझी." तासाभरानं सावली सरकली की पुन्हा रेघ. दोन्ही वर्ग उठून सरकायचे. पोरांना त्यात भलतीच मौज वाटे. शेजारचा वर्ग माझा असल्यामुळे मला वैताग येई.

"मास्तर, वीतभर इकडे-तिकडे झालं तर काय बिघडलं?" असं मी एकदा म्हणालो.

"त्या वीतभरात एक डोकं मावतं, दत्तोबा," ते म्हणाले आणि सुतळी गुंडाळू लागले.

गोष्ट चाळीस सालाच्या आगेमागेची. कर्जतहून खालापूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात लोकल बोर्डाची आमची शाळा होती. बिगरी ते सातवी असे आठ वर्ग, आणि हेडमास्तर धरून आठच मास्तर. पिंगळे मास्तर तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. अंगानं काटकुळे, टोपी मात्र डोक्यापेक्षा एक माप मोठी. कुणी काहीही ठाम बोललं की त्यांचं एकच उत्तर असे, "माप दाखवा."

लढाईमुळे साखर आणि रॉकेल रेशनवर आलं, तेव्हा दुकानदार त्यांना लांबूनच पाहून नोकराला ओरडायचा, "मास्तर आलं रं! माप पुसून घे, काटा नीट कर!" मास्तर स्वतःचं सामान घेऊन निघून जात नसत. मागचे पाच-सहा जण घेऊन होईपर्यंत काट्याकडे बघत उभे राहत. एकदा मागच्या बाईला साखर थोडी जास्त गेली. मास्तर तिलाही बोलले. "मास्तर, तुमी कोनाच्या बाजूचे हाय?" ती चिडून म्हणाली. "काट्याच्या," मास्तर म्हणाले.

घरी तर कमालच. काकू सांगायच्या, "यांना वाढताना दोन्ही पानांतले भात शेजारी ठेवून दाखवावे लागतात. माझा जास्त निघाला तर जेवतात गुपचूप. यांचा जास्त निघाला की भांडण." त्यांना मूलबाळ नव्हतं. दोनच पानं असायची.

पण मास्तरांची खरी ख्याती चिठ्ठ्यांसाठी होती. मी शाळेत येण्याआधी कोणता वर्ग कुणाला द्यायचा हे हेडमास्तर ठरवीत. सातवी वर्षानुवर्षं त्यांच्या भाचेजावयाकडे. सातवीला फायनलची परीक्षा, म्हणून इन्स्पेक्टर आला की आधी त्या वर्गात जायचा, पालकांचा मान तिथं, शाबासकी तिथं. आणि बिगरी, म्हणजे साठ-सत्तर रडकी, शेंबडी पोरं, ज्याच्यावर हेडमास्तरांचा राग असेल त्याला. एका जूनमध्ये पिंगळे मास्तरांनी विचारलं, "ही वाटणी कोणत्या मापानं?"

"अनुभवाच्या."

"अनुभवाचं माप दाखवा."

हेडमास्तर भडकले. "मग काय चिठ्ठ्या टाकू?"

ते रागानं बोलले होते. पण दुसऱ्या दिवशी मास्तर पितळी तांब्या आणि एकसारख्या कापलेल्या आठ चिठ्ठ्या घेऊनच हजर झाले. सगळ्यांसमोर बोललेला शब्द हेडमास्तरांना फिरवता आला नाही.

तेव्हापासून शाळा उघडण्याच्या दिवशी तो सोहळा होई. बाह्या कोपरापर्यंत वर. तांब्या सात वेळा हलवायचा. हेडमास्तरांनीही हात घालायचा. एकदा उघडलेली चिठ्ठी बदलायची नाही. आणि ज्यानं चिठ्ठ्या केल्या त्यानं शेवटी उचलायची. "पिंगळे, ही शाळा आहे की सोडत?" हेडमास्तर दरवर्षी म्हणत, आणि दरवर्षी हात घालत.

यातली गंमत अशी की बिगरी दरवर्षी पिंगळे मास्तरांनाच येई. सात वर्षं, ओळीनं. आम्ही पोट धरधरून हसायचो. "तुमचंच माप तुमच्या पदरात!" म्हणायचो. ते चिठ्ठी नीट घडी घालून खिशात ठेवत, "झालं समान," म्हणत आणि बिगरीच्या रडारडीत शिरत. अर्ध्या तासात ते रडणं थांबायचं. कसं, ते बघायला आमच्यापैकी कुणी कधी गेलं नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते त्रेचाळीस सालच्या जूनचं. हसत हसत इथपर्यंत आणलं, पुढचं मला हसत सांगता येणार नाही.

मी अनट्रेंड होतो. दोन वर्षांचं ट्रेनिंग झाल्याशिवाय नोकरी पक्की नव्हती, कधीही घरी बसवतील अशी अवस्था. बायको गरोदर होती. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यंदा शाळेतून एकाच अनट्रेंड माणसाचं नाव ट्रेनिंगला जाईल. सातवीचा निकाल चांगला लावलात तर तुमचं पाठवतो. पण सातवी मिळणार कशी? तुमचे पिंगळे तांब्या घेऊन बसतील."

त्याच आठवड्यात पिंगळे मास्तर मला नदीवर भेटले. कधी नव्हे ते स्वतःबद्दल बोलले. "दत्तोबा, चिठ्ठ्या सुरू झाल्या त्या वर्षीची माझी बिगरी यंदा सातवीत जातेय. अठरा उरलेत." मग त्यांनी अठरा नावं घेतली. सखू भोईर, दामू, तांबोळ्यांचा हुसेन, ठाकरांचा काळू... न अडखळता. "ज्यांचा हात धरून ग म भ न गिरवून घेतलं, त्यांना फायनलला बसवावं असं वाटतं. एकदाच."

"मग हेडमास्तरांना सांगा की."

"कोणत्या मापानं?" ते म्हणाले आणि हसले.

चिठ्ठ्यांच्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. कागदाची टंचाई होती, म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीच्या चिठ्ठ्या कापल्या होत्या. "डोळे दगा देतात हल्ली," ते म्हणाले. "यंदा घड्या तू घाल." आणि पाठ करून ते तांब्या घासायला गेले.

सातवीच्या चिठ्ठीच्या घडीवर मी अंगठ्याचं नख दाबून ओढलं. एवढंच केलं. एक श्वास घेऊन सोडायलाही याहून जास्त वेळ लागतो.

वयानं मी सगळ्यांत लहान, म्हणून पहिला हात माझा. तांब्यात बोटं फिरवली आणि ती खूण अंगठ्याखाली आली. मी "सातवी" वाचलं. मास्तर माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, अंगठ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "छान. माझी माणसं आहेत. नीट सांभाळ."

त्या वर्षी आणखी एक नवल झालं. बिगरी वैद्य मास्तरांना आली. वैद्य मास्तर म्हणजे छडी. त्यांनी चिठ्ठी जमिनीवर फेकली. "या वयात नाकं पुसू? एकेकाला असा सरळ करतो की उद्या शाळेत येणार नाही!" शेवटी मास्तरांनी हात घातला. त्यांना चौथी आली होती. त्यांनी वाकून जमिनीवरची चिठ्ठी उचलली आणि आपली चौथी वैद्यांच्या हातात ठेवली. चिठ्ठी बदलायची नाही हा नियम त्यांचाच.

सातवीचा निकाल उत्तम लागला. माझं नाव गेलं, ट्रेनिंग झालं, नोकरी पक्की झाली. पुढं एकोणपन्नास साली मी खालापूरच्या बाजूला एका शाळेत हेडमास्तर झालो. तिथं मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं की वर्ग चिठ्ठ्यांनी वाटले जातील. त्या रात्री निवांत झोपही लागली असती, पण चिठ्ठ्यांच्या घड्या घालताना माझा अंगठा आपोआप एका घडीवर दाबला गेला. मी घाबरून सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या, आणि पुढच्या रविवारी मास्तरांकडे गेलो.

ते निवृत्त होऊन कर्जतला दोन खोल्यांत राहत होते. ओटीवर बसले होते, मांडीवर ती सुतळी. काकूंनी चहा आणला. मास्तरांनी दोन्ही कप डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिले आणि माझ्या कपात थोडा आणखी ओतला. मी तेवढ्यातच सगळं बोलून टाकलं. नख, घडी, सगळं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुझी सातवीची चिठ्ठी नंतर पडली होती की जमिनीवर, घडीवर नख तसंच. मी उचलून पाहिली."

"मग बोलला का नाहीत? मास्तर, तुमचा वर्ग गेला माझ्यापायी!"

त्यांनी आपला उजवा हात माझ्यापुढे उघडला. "कोणत्या तोंडानं बोलू? सात वर्षं बिगरीची चिठ्ठी तांब्यात नव्हतीच. इथं होती, मुठीत. सगळ्यांचे हात घालून झाले की तांब्या रिकामा. मी रिकाम्या तांब्यात हात घालत होतो."

मी कप खाली ठेवला.

"पहिल्याच वर्षी चिठ्ठी लिहिताना सगळ्यांची तोंडं आठवली. सात जणांना बिगरी म्हणजे शिक्षा. पोर पहिल्यांदा शाळेत येणार, आणि समोर उभा कोण? तर शिक्षा भोगणारा माणूस. हे माझ्या मापात बसेना. म्हणून चोरली. तुला सातवी आली त्या एकाच वर्षी प्रामाणिकपणे आठही टाकल्या. मलाही काही हवं होतं ना, मग मुठीत कसं ठेवू? म्हणून तर घड्या तुला घालायला दिल्या."

आतून काकू म्हणाल्या, "डोळ्यांना काही झालं नव्हतं हो यांच्या."

मी मान खाली घातली. मास्तर म्हणाले, "आता आलाच आहेस तर माझी वाटणी दे."

"कसली?"

"त्या वर्षाची. सगळं नको, अर्धं दे. सांग, कशी होती सगळी?"

मी मार्क सांगू लागलो. त्यांनी हात वर केला. "मार्क मी पाहिलेत. सखू वाचताना ओळीवर बोट ठेवायची. सातवीतही ठेवायची का?"

मला आठवत नव्हतं. मी त्या वर्षभर निकालाकडे बघत होतो, मुलांकडे नाही. "ठेवायची," मी म्हणालो.

मास्तरांच्या चेहऱ्यावर उजेड आला. "आणि दामू? कविता म्हणताना डोळे मिटायचा?"

"मिटायचा की."

"काळू?"

इथं मात्र मला खोटं बोलवेना. "काळू दिवाळीनंतर आलाच नाही. मी चौकशीला गेलो नाही. कच्चा होता, निकालाला बरंच झालं असं वाटलं मला."

सुतळीवरची बोटं थांबली. "मी गेलो होतो," मास्तर हळू म्हणाले. "बाप कोळशाच्या भट्टीवर घेऊन गेला होता सगळ्यांना, पार घाटावर. गाठ नाही पडली. तुला सांगितलं नाही. वर्ग तुझा होता."

मग त्यांनी डोळे मिटले. बोटं पुढच्या गाठीवर सरकली.

"बरं. हुसेन?"

हुसेनचा चेहराही मला नीट आठवत नव्हता. पण मी सांगू लागलो, तो कुठं बसायचा, काय विचारायचा, कशाला हसायचा. एक गाठ झाली की दुसरी. मास्तर मान हलवत ऐकत होते. मी सांगितलेलं किती खरं आणि किती मनचं, हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. पण त्या दुपारी त्यांनी एकदाही माप मागितलं नाही.