दोन सुकलालांपैकी एक देवडीत अडकला त्याची हकीकत

विघ्नहर्त्यास वंदून, जे देखिले आणि ऐकिले तितुकेच लिहिणे. शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी एका दौलतीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रयतेची नावे संगणकावर नोंदविणे सुरू जाहले, आणि त्या नोंदणीच्या देवडीचा, म्हणजे नोंद आत घेण्याआधी तपासणाऱ्या चौकीचा, प्रोग्राम आमचे तीर्थरूप भास्करपंत यांनी लिहिला. नाव, गाव, जन्मतारीख, एकेक रकाना तपासावा, चुकला तो परतवावा, आणि परतविताना चूक कोठे व दुरुस्ती कैसी हे ज्याच्या त्याच्या बोलीत सांगावे, ऐसा त्यांचा हट्ट. वरिष्ठ बोलिले, "भास्करराव, 'चूक' एवढे पुरे. वाचतो कोण?" तीर्थरूप बोलिले, "परत जाणारा वाचतो, साहेब." मग एकेक मजकूर जेवताना आम्हांस वाचून दाखवीत, आणि ज्याचा अर्थ घास थांबवून पुसावा लागे तो खोडून टाकीत.

शेवटचे दिवशी पाचास यादी बंद होणार, तो तीर्थरूपांस खानदेशातून फोन आला. सुकलाल उत्तम पाटील नामे दोघे एकाच गावचे, एक आत गेला आणि दुसऱ्यास देवडी अहिराणीत म्हणे, "हाई नोंद पहिलेच व्हयेल शे," म्हणजे ही नोंद आधीच जाहली आहे. गुरुजींनी पहिलीत घालताना अर्ध्या गावास एक जून ही जन्मतारीख दिली होती, आणि हे दोघे एकाच साली शाळेत गेले होते. अडलेले सुकलाल कडाडले, "भाऊ, मी मी शे, हाऊ हाऊ शे! आते काय मरी दखाडू?" मागून दुसरे हसोन बोलिले, "हाऊ माले शाळामा बी असाच नडे!"

वरिष्ठ बोलिले, "एकाने काय बिघडते? पुढल्या वर्षी येईल." तीर्थरूप बोलिले, "त्याला आज ताटातली भाकर दिसत नाही. आणि चूक माझी आहे. माझीही तारीख एक जूनच, मला सुचायला हवे होते." मग नियम फिरविला. सारे जुळले तरी परतवू नये, आईचे नाव पुसावे, आणि मजकूर घातला, "याच नावना आखो एक जण शे. तुमनी मायनं नाव लिखा." पाचास चार मिनिटे असता सुकलालांनी 'भिकाबाई' लिहविले आणि देवडी उघडली.

तीर्थरूप पौषात कैलासवासी जाहले. तेराव्यास दोघे सुकलाल आले, आणि शस्त्रक्रियेने दिसू लागलेले भिकाबाईचे सुकलाल तसबिरीपुढे उभे राहोन बोलिले, "आवाज वयखू. तोंड आज दखं," म्हणजे आवाज ओळखीत होतो, तोंड आज पाहिले.

सारांश, देवडी तीर्थरूपांनी बांधिली, अडलेल्यास तिने वाट सांगितली, आणि ती आजही चालते. जाहले तैसे लिहिले.